कस्टमची तपासणी कशी बदलली? लहान आयातदार-निर्यातदारांसाठी माहिती

आपल्या समाजात तिजारत ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रोजी आहे. मुंबईत खजूर, सुकामेवा आणि अत्तराची घाऊक पेढी चालवणारा असो, भिवंडी-मालेगावात लूमचे सुटे भाग बाहेरून मागवणारा असो, किंवा कोकणातून आखातात हापूस पाठवणारा बागायतदार असो, प्रत्येकाचा माल कधी ना कधी कस्टममधून जातो. आणि कस्टम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अजूनही जुनंच चित्र उभं राहतं: बंदरावर उघडून टाकलेल्या पेट्या, फायली घेऊन धावणारा एजंट आणि दिवसागणिक वाढणारं डेमरेज.

गेल्या वीस वर्षांत हे चित्र बरंच बदललं आहे. आज येणाऱ्या मालातला मोठा हिस्सा पेटी न उघडताच बाहेर पडतो. पण त्या बदलाचा फायदा मोठ्या कंपन्यांनी जितका घेतला, तितका लहान व्यापाऱ्याला घेता आलेला नाही. कारण साधं आहे. नव्या पद्धतीत माल बंदरात येण्याआधीच कागद तपासला जातो, आणि तो कागद नीट आणि वेळेवर भरण्याची जबाबदारी आता व्यापाऱ्यावर आली आहे. ही पद्धत काय आहे, ती कशी चालते आणि त्यात आपलं कुठे अडतं, हे या लेखात पाहू.

तपासणी मुळात कशासाठी?

मराठीतला 'जकात' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. आपल्याकडे जकात हे इबादतीचं नाव आहे, पण मराठीत तो शब्द मालावरच्या कराला चिकटला. मुलुंड आणि दहिसरचे जकात नाके आणि तिथल्या ट्रकच्या रांगा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. देशाच्या आतले हे नाके उठले, पण देशाच्या सीमेवरचा नाका, म्हणजेच सीमाशुल्क, तसा उठवता येत नाही.

त्याची तीन कारणं आहेत. पहिलं, महसूल: आयात शुल्क आणि आयातीवरचा आयजीएसटी इथेच वसूल होतो. दुसरं, सुरक्षा: शस्त्रं, अंमली पदार्थ, बनावट औषधं आत येऊ नयेत. तिसरं, आरोग्य आणि शेती: किडलेलं धान्य, खराब झालेलं अन्न, रोग लागलेली रोपं रोखणं. म्हणून तपासणी राहणारच. प्रश्न एवढाच की कोणाची करायची, केव्हा करायची आणि किती करायची.

जुन्या पद्धतीत काय व्हायचं?

भारतात सीमाशुल्काचा मूळ कायदा १९६२ चा आहे. पूर्वी जहाज लागल्यावर कागद दाखल व्हायचे. एजंट फाईल घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा. अधिकारी मालाचं वर्गीकरण आणि किंमत ठरवायचे, मग शुल्क भरायचं आणि मग पेट्या उघडून पाहायच्या. खाद्यपदार्थ असेल तर अन्न विभाग वेगळा, वनस्पतीजन्य माल असेल तर प्लांट क्वारंटाईन वेगळं. प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि खिडकीही वेगळी.

या पद्धतीत दोन दोष होते. एक म्हणजे इमानदार आणि बेइमान दोघांनाही सारखीच वागणूक मिळायची. सगळ्यांच्या पेट्या उघडायच्या म्हटल्यावर कोणाचीच नीट पाहिली जात नव्हती. दुसरा दोष असा की व्यापारी आणि अधिकारी रोज समोरासमोर. मग ओळखपाळख, चहापाणी, 'जरा लवकर सोडा' हे सगळं आलंच. ज्याची ओळख नाही त्याचा माल मागे पडायचा.

जगाने काय ठरवलं?

हा प्रश्न फक्त आपला नव्हता. सिंगापूरने १९८९ मध्ये 'ट्रेडनेट' नावाची व्यवस्था सुरू केली. व्यापाऱ्याने एकदाच, एकाच ठिकाणी, संगणकावर माहिती भरायची आणि सगळ्या खात्यांनी तिथूनच परवानगी द्यायची. यालाच पुढे 'सिंगल विंडो' असं नाव रूढ झालं.

जागतिक सीमाशुल्क संघटनेने १९९९ मध्ये क्योटो कराराची सुधारित आवृत्ती तयार केली. सरसकट तपासणी न करता जोखीम पाहून तपासणी करावी, हे त्यातलं मुख्य सूत्र. त्यानंतर डिसेंबर २०१३ मध्ये बाली इथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी व्यापार सुलभीकरण करार मान्य केला. भारताने तो एप्रिल २०१६ मध्ये स्वीकारला आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो लागू झाला. हा करार सांगतो की माल येण्याआधीच कागद स्वीकारा. जोखमीनुसार तपासणी करा. शंका असेल तर हमी घेऊन माल सोडा आणि हिशेब नंतर तपासा. नाशवंत मालाला प्राधान्य द्या. आणि माल सोडायला सरासरी किती वेळ लागतो ते मोजून जाहीर करा. करार पूर्ण अमलात आला तर जगभरात व्यापाराचा खर्च सरासरी १४ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असा अंदाज जागतिक व्यापार संघटनेने २०१५ मध्ये मांडला होता.

भारतातले मुख्य टप्पे

- २००५: जोखीम व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे आरएमएस, आयातीसाठी सुरू.
- २०११: स्वयं-मूल्यांकन. मालाचं वर्गीकरण, किंमत आणि शुल्क व्यापाऱ्याने स्वतःच जाहीर करायचं.
- २०१६: 'स्विफ्ट' ही सिंगल विंडो. अन्न, औषध, वनस्पती, प्राणी अशा खात्यांची परवानगी एकाच अर्जातून.
- २०१७-१८: 'ई-संचित'. बिल, पॅकिंग लिस्ट, प्रमाणपत्रं ऑनलाइन अपलोड करायची, कागदी फाईल बंद.
- २०२०: 'तुरंत कस्टम्स' आणि फेसलेस मूल्यांकन. ८ जूनला बेंगळुरू आणि चेन्नईत सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत देशभर पोहोचलं.
- २०२१: बहुतेक समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कागद दाखल करणं बंधनकारक.

फेसलेसचा अर्थ नीट समजून घेऊ. माल न्हावा शेव्याला उतरला तरी त्याचे कागद तपासणारा अधिकारी चेन्नईत किंवा कोलकात्यात असू शकतो. फर्मचं नाव त्याला पडद्यावर दिसतं, पण तो कोण हे आपल्याला ठाऊक नसतं आणि त्याला आपण निवडू शकत नाही. ओळख नसलेल्या नव्या व्यापाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. त्याच वेळी समोर बसून तोंडी समजावण्याची सोयही गेली. जे सांगायचं ते लिहूनच सांगावं लागतं.

एक कंटेनर न्हावा शेव्यात येतो तेव्हा

उरणजवळचं न्हावा शेवा बंदर, म्हणजे जेएनपीए, १९८९ मध्ये सुरू झालं. केंद्र सरकारच्या प्रमुख बंदरांतून जी कंटेनर वाहतूक होते, तिच्यातला साधारण निम्मा वाटा या एका बंदराचा आहे. समजा, एका पेढीने आखातातून खजुराचा एक कंटेनर मागवला आहे. त्याचा प्रवास असा होतो.

१. मालाचा कोड ठरतो. जगभरात प्रत्येक वस्तूला एचएस कोड असतो. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, भारतात ते आठ होतात. खजूर ०८०४ या शीर्षकाखाली येतो. गंमत म्हणजे आपला आंबाही त्याच शीर्षकात आहे: खजूर ०८०४.१० आणि आंबा ०८०४.५०. शुल्क किती, कोणत्या खात्याची परवानगी लागेल, हे सगळं या कोडवरून ठरतं.

२. 'बिल ऑफ एंट्री' दाखल होतं. आपला क्लिअरिंग एजंट, ज्याला बाजारात अजूनही सीएचए म्हणतात, तो 'आयसगेट' या पोर्टलवर ते भरतो. जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपासून ते भरता येतं.

३. आरएमएस निर्णय घेते. ही संगणक प्रणाली माल, देश, किंमत, आयातदाराचा जुना रेकॉर्ड अशा अनेक गोष्टी पाहून ठरवते की कागद तपासायचे, माल तपासायचा, दोन्ही करायचं की काहीच नाही.

४. शुल्क ऑनलाइन भरायचं. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागतं.

५. खजूर हा खाद्यपदार्थ असल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, नमुना घेऊ शकतं. वनस्पतीजन्य माल असल्याने निर्यात करणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रही पाहिलं जातं.

६. सगळं ठीक असेल तर 'आउट ऑफ चार्ज' मिळतो, म्हणजे माल घरगुती वापरासाठी मोकळा. मग ट्रक लागतो आणि कंटेनर बाहेर पडतो.

आरएमएस समजायला आम्हा शिक्षकांना सोपं जातं. वर्गात साठ मुलांच्या वह्या रोज ओळन्‌ओळ तपासता येत नाहीत. कोणाची वही वरवर पाहिली तरी चालते आणि कोणाची नीट वाचावी लागते, हे शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असतं. अधूनमधून कोणाचीही वही अचानक उचलून पाहायची, म्हणजे सगळेच सावध राहतात. प्रणालीही असंच करते. नव्या मुलाची वही मात्र सुरुवातीला जास्त पाहिली जाते. म्हणून पहिल्या काही खेपांमध्ये तपासणी जास्त झाली तर घाबरून जायचं कारण नाही. त्या खेपांचे कागद स्वच्छ असले की पुढे तेच आपल्या कामी येतात.

पेटी न उघडता आत कसं पाहतात?

काही कंटेनर स्कॅनिंगसाठी निवडले जातात. न्हावा शेव्यात त्यासाठी मोठे एक्स-रे स्कॅनर आहेत. विमानतळावर बॅग तपासतात तसंच हे काम चालतं, फक्त किरण जास्त शक्तीचे असतात, कारण त्यांना पोलाद भेदून आत जायचं असतं. ड्राइव्ह-थ्रू प्रकारात ट्रक सावकाश यंत्रातून पुढे जातो. चालकाची केबिन पार झाल्यावरच किरण सुरू होतात.

पडद्यावर जे चित्र दिसतं त्यात दाट आणि विरळ वस्तू वेगळ्या ओळखू येतात. कागदावर 'खजुराचे कार्टन' लिहिलं असेल तर चित्रात एकसारख्या थरांची रचना दिसायला हवी. मध्येच वेगळ्या घनतेचा ढीग दिसला तर कंटेनर बाजूला काढून उघडला जातो. म्हणजे माल भरण्याची पद्धतही आता महत्त्वाची आहे. एकाच कंटेनरमध्ये अनेक प्रकारचा माल कसाही कोंबला तर चित्र गोंधळाचं येतं आणि शंका वाढते. पुरवठादाराला सांगून माल प्रकारानुसार वेगवेगळा लावून घ्यावा आणि पॅकिंग लिस्ट त्याच क्रमाने करावी.

मग वेळ किती वाचला?

केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ, म्हणजे सीबीआयसी, दरवर्षी वेळमोजणीचा अभ्यास करतं. २०२३ च्या अभ्यासात समुद्री बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी सुमारे ८५ तास लागले आणि विमानाने आलेल्या मालाला सुमारे ४४ तास. सरकारचं उद्दिष्ट अनुक्रमे ४८ आणि २४ तासांचं आहे. म्हणजे सुधारणा झाली असली तरी मंजिल अजून दूर आहे.

या अभ्यासांतून दिसतं की वेळ फक्त कस्टमच्या टेबलावर जात नाही. आयातदाराने कागद उशिरा भरणं, शुल्क भरायला वेळ लावणं, इतर खात्यांची परवानगी बाकी असणं आणि परवानगी मिळाल्यावरही ट्रक न लागणं, इथेही तास जातात. ज्या मालाचे कागद आगाऊ भरलेले असतात, ज्याला प्रणाली तपासणीविना सोडते आणि ज्याचा आयातदार मान्यताप्राप्त असतो, तो माल सर्वांत लवकर सुटतो.

हे तास म्हणजे थेट पैसा आहे. ठराविक मोफत दिवस संपले की कंटेनर यार्डाचं भाडं सुरू होतं आणि शिपिंग कंपनीचं कंटेनर अडवल्याचं भाडं वेगळं. मोठ्या कंपनीला हा खर्च शंभर कंटेनरवर वाटून टाकता येतो. ज्याने घरातले दागिने गहाण ठेवून किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन एकच कंटेनर मागवला आहे, त्याचा सगळा नफा त्यात जातो. खजुराच्या बाबतीत तर रमजानचा बाजार हातचा गेला की माल कोल्ड स्टोरेजमध्ये पडून राहतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा धरून ऑर्डर देणाऱ्याचा हिशेब चुकतोच.

लहान व्यापाऱ्याचं कुठे अडतं?

*उशिरा कागद भरणं.* 'जहाज लागू दे, मग बघू' ही जुनी सवय आता महाग पडते. मुदतीनंतर बिल ऑफ एंट्री भरलं तर पहिल्या तीन दिवसांसाठी रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. पुरवठादाराकडून बिल आणि पॅकिंग लिस्ट माल निघण्यापूर्वीच मागून घ्या.

*चुकीचा कोड.* कमी शुल्काचा कोड लावण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी विचार करा. एजंटने कोड सुचवला तरी घोषणा आपल्या नावावर असते. शंका असेल तर आगाऊ निर्णय मागता येतो. त्यासाठी मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण २०२१ पासून काम करतं आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय देणं अपेक्षित असतं.

*लेबल आणि मुदत.* खाद्यपदार्थ आयात करायला एफएसएसएआयचा परवाना लागतो. क्लिअरन्सच्या वेळी मालाच्या एकूण मुदतीपैकी किमान ६० टक्के मुदत शिल्लक हवी किंवा मुदत संपायला किमान तीन महिने बाकी हवेत. दोन्हींपैकी जे कमी ते लागू. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहारी चिन्ह यांसारख्या उणिवा बंदरावर स्टिकर लावून दुरुस्त करता येतात. पण मुदत संपण्याची तारीखच छापलेली नसेल तर स्टिकरने काम भागत नाही.

*मालाचा मूळ देश.* याबाबत सर्वांत जास्त सावध राहायला हवं. माल दुबईहून आला म्हणजे तो दुबईचा होत नाही. तो जिथे पिकला किंवा तयार झाला तो त्याचा मूळ देश. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीमधला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. अशा करारांची सवलत घ्यायची तर २०२० च्या नियमांनुसार मालाच्या मूळ देशाची माहिती आयातदाराकडे असायला हवी आणि ती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. फक्त प्रमाणपत्राचा कागद पुरत नाही.

दुसरी बाजू आणखी गंभीर आहे. पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर भारताने फेब्रुवारी २०१९ मध्ये २०० टक्के शुल्क लावलं आणि मे २०२५ मध्ये तिसऱ्या देशामार्गे होणाऱ्या आयातीसह सगळीच आयात बंद केली. त्यानंतर जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, न्हावा शेव्यात ३९ कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. सुमारे १,११५ टन आणि ९ कोटी रुपयांचा हा माल दुबईमार्गे आणला होता, आणि त्यात खारीकही होती. कागदावर मूळ देश अमिराती दाखवला होता, असा संचालनालयाचा आरोप होता. पेटीतली खारीक डोळ्यांनी पाहून तिचा देश सांगणं कठीण असतं. कंटेनर कुठून कुठे फिरला आणि पैसे कोणाला गेले, या नोंदींवरून अशी प्रकरणं उघडकीस येतात. 'दुबईचा माल आहे, स्वस्तात देतो' असं कोणी म्हणालं तर तो कुठल्या बागेतला, कोणी पॅक केला, याचे दस्तऐवज आधी मागा. ते मिळत नसतील तर सौदा सोडा. अशा एका खेपेमुळे फर्मचं नाव कायमचं खराब होतं आणि इमानदारीने हाच धंदा करणाऱ्या इतरांच्या मालावरही संशय वाढतो.

एईओ: विश्वासू व्यापाऱ्याचा दर्जा

ज्यांचा रेकॉर्ड स्वच्छ आहे त्यांना कस्टमकडून 'ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर' हा दर्जा मिळतो. आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२ आणि टी-३ अशा तीन पायऱ्या आहेत. या दर्जाच्या फर्मची तपासणी कमी होते आणि वरच्या दोन पायऱ्यांवर शुल्क नंतर भरण्याचीही सोय मिळते. अमेरिका, दक्षिण कोरिया यांसारख्या देशांशी भारताचा परस्पर मान्यतेचा करार असल्याने तिथल्या बंदरावरही आपल्या मालाकडे विश्वासाने पाहिलं जातं.

अनेकांना वाटतं की हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तसं नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी अटी शिथिल केल्या आहेत आणि अर्ज ऑनलाइन होतो. पण हिशेबाची पुस्तकं नीट, कर भरलेले आणि कस्टमच्या कोणत्याही मोठ्या प्रकरणात नाव नसलेलं, एवढं हवंच. वर्षभर कच्च्या चिठ्ठीवर धंदा करून हा दर्जा मिळणार नाही.

निर्यात करणाऱ्यांसाठी

निर्यातीत 'शिपिंग बिल' भरावं लागतं. पूर्वी कारखान्यात कंटेनर भरताना अधिकाऱ्याला बोलावून सील लावून घ्यावं लागायचं. २०१७ पासून परवानगी घेतलेला निर्यातदार स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावतो. बंदरावर यंत्र ते सील वाचतं आणि ते तुटलेलं नसेल तर कंटेनर सहसा उघडावा लागत नाही.

ज्यांचा माल कंटेनरभर नसतो त्यांच्यासाठी पोस्टाची सोय फार उपयोगाची आहे. टपाल खातं आणि सीबीआयसी यांनी २०२२ पासून 'डाक घर निर्यात केंद्रं' सुरू केली. अशी एक हजाराहून जास्त केंद्रं देशभर आहेत. घरबसल्या ऑनलाइन घोषणा भरायची, पार्सल जवळच्या केंद्रावर द्यायचं आणि कस्टमची मंजुरी विदेश डाकघरात होते. जरी-भरतकाम किंवा हातशिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना परदेशातल्या ग्राहकाला माल पाठवण्यासाठी बंदराची पायरी चढण्याची गरज नाही. यासाठी आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, लागतो. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि ऐन वेळी पार्सल अडतं.

आपले हक्क

जबाबदारी वाढली तसे काही हक्कही कायद्याने दिले आहेत. ते माहीत असायला हवेत.

- अधिकाऱ्याने आपण जाहीर केलेलं मूल्यांकन बदललं आणि आपल्याला ते लेखी मान्य नसेल, तर पुनर्मूल्यांकनापासून १५ दिवसांत कारणांसह लेखी आदेश मिळायला हवा. कलम १७ मध्ये ही तरतूद आहे.
- त्या आदेशावर ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते. त्यासाठी वादातल्या शुल्काच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते.
- चाचणीचा अहवाल यायचा असेल किंवा चौकशी बाकी असेल, तर तात्पुरत्या मूल्यांकनाची मागणी करता येते. बाँड आणि हमी देऊन माल सोडवता येतो.
- कस्टमने माल अडवून ठेवला असेल तर त्या काळाचं भाडं यार्डाने घेऊ नये, असा २००९ च्या नियमांत उल्लेख आहे. यावरून न्यायालयात वादही झाले आहेत, म्हणून कस्टमकडून तसं प्रमाणपत्र वेळेवर लेखी मागून ठेवावं.
- प्रत्येक मोठ्या कस्टम हाऊसमध्ये 'तुरंत सुविधा केंद्र' आहे. फेसलेस पद्धतीत काही अडलं तर आधी तिथे जावं.
- कस्टम हाऊसमध्ये व्यापार सुलभीकरणाच्या स्थायी समितीच्या बैठका होतात. व्यापारी संघटना तिथे अडचणी मांडू शकतात.

शेवटचा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मोठ्या उद्योगांच्या संघटना या बैठकांना नेमाने जातात. आपल्या बाजारातल्या किती संघटना जातात? एकट्या दुकानदाराचं म्हणणं ऐकलं जाईलच असं नाही, पण एका बाजारपेठेची लेखी तक्रार नोंदली जाते. रमजानपूर्वी खजुराच्या नमुना-चाचण्यांना गती द्यावी, हंगामात आंब्याला प्राधान्य द्यावं, अशा मागण्या करारातल्या नाशवंत मालाच्या तरतुदीवर बोट ठेवून करता येतात.

तरुणांसाठी एक वाट

कस्टम ब्रोकर हा परवानाधारक व्यवसाय आहे. २०१८ च्या नियमांनुसार पात्रतेच्या इतर अटीही पूर्ण करणाऱ्या पदवीधराला त्याची परीक्षा देता येते: आधी लेखी, मग तोंडी. ब्रोकरकडे काम करणाऱ्यांसाठीही कार्डांची पद्धत आहे, त्यामुळे लहान पदावरून सुरुवात करून वर जाता येतं. आपल्या कॉमर्सच्या मुला-मुलींनी बँक आणि सीएसोबत याही क्षेत्राचा विचार करावा. ज्या बाजारात घरचं कोणी एचएस कोड, बिल ऑफ एंट्री आणि मूळ देशाचे नियम समजणारं असेल, तिथला व्यापारी फसवला जाण्याची शक्यता कमी होते.

थोडक्यात: माल मागवण्यापूर्वी

१. आयईसी चालू आहे का, त्यातला पत्ता बरोबर आहे का, ते पाहा.
२. आठ आकडी कोड आणि त्यावरचं शुल्क स्वतः तपासा, फक्त एजंटच्या शब्दावर राहू नका.
३. त्या मालाला कोणत्या खात्याची परवानगी लागते ते ऑर्डर देण्याआधी पाहा.
४. लेबलचा नमुना पुरवठादाराकडून आधी मागवून पडताळा.
५. मूळ देशाचे दस्तऐवज घ्या आणि पाच वर्षं जपा.
६. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरलं गेलंय, याची एजंटकडून प्रत घ्या.
७. शुल्काचे पैसे आणि ट्रक दोन्ही तयार ठेवा.
८. कस्टमचा प्रश्न आला तर त्याच दिवशी, लेखी आणि पुराव्यासह उत्तर द्या.

यातलं एकही काम असं नाही की ज्यासाठी मोठं भांडवल किंवा वरची ओळख लागते. वही नीट ठेवायची आणि काम वेळेवर करायचं, एवढंच हवं. ज्या बाजार समित्या आणि व्यापारी मंडळं आपल्या भागात आहेत त्यांनी निदान रमजान आणि आंब्याच्या हंगामाआधी एक बैठक घेऊन ही यादी मराठी-उर्दूत छापून वाटावी, अशी आमची विनंती आहे.